मादी आत आहे

मुलुंड (पूर्व)
२४ मार्च २०२४

शकु,

आशीर्वाद शेवटी. आधी ऐक, कारण मी इतकी भडकलेय की कुणाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. फोन करून उपयोग नाही. तुझ्या घरात रेंज नाही, तू देवळासमोरच्या दुकानापाशी येऊन बोलणार आणि माझं सगळं बोलणं तिथे बसलेल्यांना फुकट. त्यापेक्षा पत्र बरं.

आमच्या बिल्डिंगच्या मागचा रायवळ आंबा तुला आठवत असेल, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा. मागे एका वादळात त्याची मोठी फांदी मोडली, तिथे खोडाला ढोली पडलीय. त्या ढोलीत एक धनेशीण जाऊन बसली. धनेश म्हणजे तोच गं, मोठ्या वाकड्या चोचीचा, आपल्या गावाला त्याला गरुड म्हणतात. इकडचा राखाडी असतो, अंगाने लहान.

ती आत गेली आणि तिने आतून दार लिंपून घेतलं. नर चिखल आणून देत होता, ती आपल्या विष्ठेत कालवून चोचीने थापत होती. आपण चूल सारवायचो ना, तशी. आता एक फट उरलीय, तेवढ्यातून चोचीचं टोक दिसतं. आत ती अंडी घालणार, पंखांची पिसं गाळणार. म्हणजे उडायचं म्हटलं तरी उडता येणार नाही. पिल्लं जरा मोठी होईपर्यंत ती कोंडलेली, आणि खायला काय ते नर आणून देईल तेवढंच. हे सगळं बघत मी ओट्याशी उभी राहिले आणि डाळीची वाट लागली.

आणि काल खाली बोर्डावर नोटीस. ‘मागील बाजूचे धोकादायक आंब्याचे झाड पावसाळ्यापूर्वी काढण्यात येईल. सभासदांनी सहकार्य करावे.’ धोकादायक! झाड काय चावतं? चार गाड्या लावायला जागा हवीय, एवढंच. आमचा सेक्रेटरी, चंद्रप्रकाश राणे, तेव्हा खालीच उभा होता. मी म्हटलं, “राणे, झाडात पक्षीण आहे. निदान पिल्लं उडेपर्यंत थांबा.”

“काकू, पक्षी काय, उडून जाईल.”

“ती उडू शकत नाही. तिने दार लावून घेतलंय.”

“मग आधी बेल वाजवतो,” म्हणाला. बाजूचे दोघेतिघे खो खो हसले.

मी नोटीस टराटरा फाडली आणि त्याच्या हातात दिली. मग वर जाऊन खडू आणला आणि झाडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मादी आत आहे. हात लावू नये.’

संध्याकाळी सर्वेश कामावरून आला तो चपला न काढताच. “आई, तू सोसायटीची नोटीस फाडलीस? मला त्या लोकांत राहायचंय.” मी म्हटलं, मलापण राहायचंय, आणि तुझ्या आधीपासून राहतेय. कल्पिता मधे पडली म्हणून थांबले. सून शहाणी आहे माझी. मुलगा कुणावर गेलाय कळत नाही.

तू कशी आहेस? हरेश्वरभावोजींची देवळाची कमिटी काय म्हणते? आता घे आशीर्वाद.

तुझी
ताई

*

हुमरस, ता. कुडाळ
५ एप्रिल

ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. खडूने लिहिलंस ते सोनूबाईला, आमच्या शेजारणीला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुझी बहीण मुंबैक ऱ्हवान पण सुधारूक नाय.” कौतुकानेच म्हणाली.

इकडे ते गरुड अजून येतात. घरामागच्या वडाची फळं पिकली की चार-पाच असतात. त्यांचा आवाज मला कधीच आवडला नाही, कुणीतरी किंचाळून मदत मागतंय असं वाटतं.

काजूचा हंगाम जोरात आहे. यंदा बी वेचायला माणूस मिळत नाही. आमचे हे सकाळी पेज खाऊन जे देवळात जातात ते दिवे लागल्यावर येतात. जीर्णोद्धार चाललाय, कळसाचा रंग कुठला द्यायचा यावर दोन गट पडलेत. माझा नितेश मस्कतला बरा आहे.

मला हल्ली जरा बरं नसतं. कुडाळला डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. किरकोळ आहे, बाईमाणसाचं.

ताई, या महिन्यात चार दिवस इकडे येऊन जा ना गो. कामाला म्हणून नको, नुसती ये. किती वर्षांत दोघी एका खोलीत निजलो नाही. वीस तारखेच्या आधी आलीस तर फार बरं होईल.

सर्वेशला जास्त बोलू नकोस. त्याचंही त्या बिल्डिंगीत तोंड आहे.

शकु

*

मुलुंड
१८ एप्रिल

शकु,

तू मला ओळखत नाहीस का मी तुला? ‘कामाला म्हणून नको’ असं लिहायचं आणि वरच्याच ओळीत माणूस मिळत नाही म्हणून सांगायचं. काजू वेचायला मी येणार नाही. माझी कंबर आता वाकत नाही, आणि मी इथून हलले की हे लोक झाडाला हात घालणार. हंगाम संपू दे, पाऊस सुरू होऊ दे, मग मनसोक्त राहायला येते.

परवा काय झालं ऐक. सकाळी दहाच्या सुमारास ट्रक आला. दोरखंड, कोयते, ते यंत्र घों घों करणारं. मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातांनी खाली धावले आणि झाडाला पाठ लावून उभी राहिले.

राणे म्हणाला, “काकू, बाजूला व्हा. उगाच लागेल.”

“लागू दे. परवानगी दाखवा.”

“परवानगी आहे.”

“दाखवा.”

त्याने कागद दाखवला. चष्मा वर राहिलेला, म्हणून तळमजल्याच्या रुचिकाला बोलावलं. तिने मोठ्याने वाचलं. परवानगी फक्त वाढलेल्या फांद्या छाटायची! खोडाला हात लावायची नाहीच. आणि हे आले होते मुळापासून काढायला. म्हणजे बघ, कागदावर एक आणि करायचं दुसरं, आणि वर मला म्हणे कायदा हातात घेऊ नका. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडलेच. ट्रक परत गेला. जाताना राणे सर्वेशचं नाव घेऊन म्हणाला, “बघतो मी. पोलीस कंप्लेंट करायला किती वेळ लागतो?”

कर म्हणावं.

पण ते सोड. नराबद्दल सांगते. शकु, असं मी जन्मात पाहिलं नाही. उजाडलं की येतो. आधी समोरच्या बदामावर बसून इकडे-तिकडे बघतो, कुणी नाही अशी खात्री झाली की ढोलीपाशी. मग घशातून एकेक उंबर वर काढतो आणि फटीतून तिला देतो. एक झालं की दुसरं. परवा पाल आणली होती. दुपारी ऊन एवढं की कावळेसुद्धा गप्प, हा तेव्हाही येतो. वाळलाय बिचारा. स्वतः कधी खातो देव जाणे. तिने एकदा उंबर खाली टाकलं, नको असेल, तर हा गेला आणि दुसरं काहीतरी घेऊन आला. मी कल्पिताला म्हटलं, असा एक तरी पुरुष आपल्या खानदानात झाला का? दोघी पोट धरधरून हसलो.

काजूचा राग मानू नकोस. थोडे ओले काजूगर पाठव कुणाबरोबर.

ताई

*

हुमरस
२ मे

ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. नराचं वाचलं. चांगलं आहे.

काजूगर पाठवायला जमलं नाही. अक्षर वाकडं येतंय, पडून लिहितेय.

इकडे ऊन फार आहे.

शकु

*

मुलुंड
९ मे

शकु,

हे लोक माणसं नाहीत.

रविवारी माझ्याबरोबर कंपनीत होती त्या सुंदराबाईच्या नातवाचा साखरपुडा होता, कांदिवलीला. मी जाणार नव्हते. सर्वेश मागे लागला. “आई, सुंदरामावशींनी दहादा सांगितलंय, वाईट दिसेल.” स्वतः गाडी काढली, कधी नव्हे ते मला पुढे बसवलं, येताना उसाचा रस पाजला. मला वाटलं, मुलाला पश्चात्ताप होतोय.

घरी आले, स्वयंपाकघराचा दिवा लावायला गेले तर लावायची गरजच नाही. लख्ख उजेड. खिडकीत आंबाच नाही गं! खोड उभं आहे आणि त्यावर दोन बोडके खुंट. बाकी सगळं साफ. कैऱ्यांनी लगडलेल्या फांद्या खाली ढीग करून टाकलेल्या, पोरंटोरं कैऱ्या वेचतायत, बायका पिशव्या घेऊन उभ्या. लोणच्याच्या गप्पा चालल्या होत्या. लोणच्याच्या!

ढोली तशीच होती. राणेने शहाणपणा केला, खोडाला हात लावला नाही. परवानगीप्रमाणे फांद्या छाटल्या, म्हणाला, बघून घ्या. पानाएवढी सावली ठेवली नाही. पश्चिमेचं ऊन सरळ त्या लिंपलेल्या दारावर. आत ती, आणि पिल्लं झाली असतील तर पिल्लं. भट्टीच की.

मी खालीच ओरडत राहिले. सर्वेश म्हणत होता, आई वर चल, लोक बघतायत. तेवढ्यात कल्पिता रडायला लागली. म्हणाली, “आई, ह्यांना माहीत होतं.”

राणेने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, रविवारी आईला घेऊन जा. आणि हा घेऊन गेला. पोटच्या पोराने मला उसाचा रस पाजून झाडापासून हलवलं.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. माझी भाकरी वेगळी थापते. त्याचा डबा कल्पिता करते.

नर त्या संध्याकाळी आला नाही. सकाळीही नाही. मी खिडकीतून हटले नाही, आंघोळीला जायचीही भीती. दुपार कलल्यावर बदामावर दिसला. झाड ओळखेना त्याला. तीन-चार घिरट्या घातल्या, मग खुंटावर उतरला. आणि उतरल्याबरोबर कावळे. पूर्वी पानांत लपून यायचा, आता उघड्यावर. चोचीतलं उंबर खाली पडलं. मी ताट आणि पळी घेऊन खिडकीत उभी राहून बडवलं तेव्हा कावळे पांगले आणि त्याने फटीत चोच घातली. आता हेच माझं काम. तो आला की ताट बडवायचं. वरच्या मजल्यावरून तक्रार आलीय, झोप मोडते म्हणून. मोडू दे.

आणि तुला काय झालंय? चार ओळींचं पत्र. ‘चांगलं आहे.’ ‘ऊन फार आहे.’ तुलाही मी वेडी वाटते ना, सर्वेशसारखी? तर तसं लिही. सख्ख्या बहिणीला एवढं लिहायला जमत नाही? इथे माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस नाही, निदान तू तरी बोलशील असं वाटलं होतं.

ताई

*

हुमरस
१७ मे

रुक्मिणी,

ताई लिहायला हात वळत नाही, म्हणून नावाने लिहितेय.

चार ओळी का लिहिल्या ते विचारलंस. सांगते. चोवीस एप्रिलला कुडाळला माझं ऑपरेशन झालं. पिशवी काढली. मार्चपासून अंगावरून जायला लागलं होतं, या वयात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबू नका, काढू आणि तुकडा तपासायला पाठवू. कशासाठी पाठवतात ते मलाही कळतं. म्हणून तुला लिहिलं होतं, वीस तारखेच्या आधी ये, नुसती ये. दुकानासमोर उभं राहून फोनवर हे कसं बोलू? सगळ्या गावाला माझी पिशवी कळवू? मला वाटलं, ‘बाईमाणसाचं’ लिहिलं की माझी बहीण ओळखेल.

तुझं पत्र सोनूबाईने दवाखान्यात आणून दिलं. पोटाला टाके, हाताला सलाईन, तिला म्हटलं उघडून माझ्यासमोर धर. ‘काजू वेचायला मी येणार नाही.’ हे मी खाटेवर वाचलं.

आणि खाली त्या नराचं कौतुक, पान भरून.

आता माझ्या नराचं ऐक. ऑपरेशनच्या दिवशी हे होते, सही करायला लागते म्हणून. दुसऱ्या दिवशी येऊन गेले. खाटेपाशी उभे राहून विचारलं, “कपाटाची चावी खंय ठेवलंस?” मी सांगितली. गेले. कळसाची मिरवणूक होती. नितेशला मी कळवलंच नाही, तो तिथून काय करणार? पेज, पाणी, लघवीचं भांडं, सगळं सोनूबाईने केलं. माझी ना नात्याची ना गोत्याची. तिचं घर बंद ठेवून चार दिवस माझ्या खाटेखाली चटई टाकून निजली. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, बहिणीच का तुम्ही? ती हो म्हणाली.

कागद यायला दोन आठवडे लागले. तेव्हा मी काय काय मनात आणलं ते तुला सांगणार नाही. वाईट काही निघालं नाही. झालं, संपलं.

मला पक्ष्याचा राग नाही. तुझ्या सेक्रेटरीने जे केलं ते नीचपणाचं आहे आणि सर्वेशने केलं ते त्याहून. तू ताट बडवतेस ते बरोबरच करतेस. पण एका पाखराची मादी कोंडलेली तुला दुसऱ्या मजल्यावरून दिसली आणि मी दिसले नाही, पत्र हातात असताना. तुझ्या बाजूने बोलणारं कुणी नाही म्हणून लिहितेस. माझ्या बाजूला बसणारंही कुणी नव्हतं.

उत्तर पाठवायची घाई नाही.

शकुंतला

*

मुलुंड
२३ मे

शकु,

हे तुझ्या हातात पडायच्या आधी कदाचित मीच दारात असेन. रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय. तरी लिहितेय, कारण तोंडावर मला हे बोलता येणार नाही, मी दुसरंच काहीतरी बोलेन, तुझ्या घरातल्या पसाऱ्यावरून भांडेन.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. तुझं एप्रिलचं पत्र पुन्हा काढून वाचलं. आंधळीलाही कळलं असतं.

पण तुझाही राग आलाय. असू दे, बोलतेच. ‘किरकोळ आहे’ असं का लिहिलंस? ‘ऑपरेशन आहे, मर पण ये’ असं लिहायचं. मी सगळ्यांशी भांडते म्हणून तू माझ्याशी भांडायला घाबरतेस का? मग यापुढे भांड. माझं रुक्मिणी नाव लिहिलंस तसंच लिही. ते वाचून मी ओट्यापाशी खाली बसले आणि कल्पिताला वाटलं, मला अ‍ॅटॅक आला.

सर्वेश समोर आला, “आई, काय झालं?” मी पत्र त्याच्याकडे सरकवलं. वाचून तो म्हणाला, “तू जा. झाडाकडे मी बघतो.” पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले, आणि काय बोलले तर, “तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?” ताट आणि पळी मी रुचिकाला द्यायला निघाले होते. ती दिवसभर कॉलेजात असते. शेवटी कल्पिताला दिली.

ती मादी अजून आत आहे. नर आज दोनदाच आला. पिल्लांचा आवाज येतो, कान दिला तर. मी निघतेय, आणि पुढे काय होईल मला माहीत नाही. जे होईल ते होवो. हे लिहिताना दात-ओठ खातेय, पण लिहितेय.

पेज सोनूबाईकडून घेऊ नकोस. आता मी करते.

ताई (वाटलं तर रुक्मिणी)

*

मुलुंड
१४ जून

आई,

तू माझा फोन घेत नाहीस. दुकानवाल्याने सांगितलं, “बाई म्हणतात, घरात नाहीत,” आणि मागून तुझाच आवाज आला. म्हणून पत्र लिहितोय. मला सवय नाही, चुका काढू नकोस.

मावशी कशी आहे? कल्पिता रोज विचारते.

आधी झाडाचं सांगतो. तू गेलीस त्याच्या पुढच्या आठवड्यात मादी बाहेर आली. सकाळी कल्पिताने हाक मारली. मी गेलो तेव्हा तिने दार अर्धं फोडलं होतं. शेपूट वाकडी झालेली, अंग मळकट. खुंटावर बसून बराच वेळ पंख हलवत होती. मला वाटलं पडणार. मग उडाली, बदामापर्यंत. नंतर पिल्लांनी दार आतून परत लिंपलं, आई. पिल्लांनी! मग दोघं भरवायला लागले.

त्या दिवशी झाडाखाली एक मेलेलं पिल्लू मिळालं. तिने दार फोडलं तेव्हा बाहेर पडलं असणार. वाळलेलं होतं, म्हणजे आधीच गेलं होतं. उन्हाने की नर येत नव्हता तेव्हा उपाशी राहून, कळायला मार्ग नाही. तू विचारणार म्हणून लपवत नाही. कल्पिताने कुंडीत पुरलं. मी शेजारी उभा होतो.

चार जूनला राणे खोड काढायला माणसं घेऊन आला. या वेळी परवानगीची भानगडच नाही, म्हणाला फांद्या नसलेलं खोड वाऱ्याने पडेल, इमर्जन्सी आहे. कल्पिताचा फोन आला. मी साकीनाक्याहून रिक्षा केली, मालकाला काय सांगितलं तेही आठवत नाही. पोचलो तर कल्पिता एकटी झाडापाशी, हातात ताट. मी तिच्या शेजारी उभा राहिलो.

राणे म्हणाला, “अरे सर्वेश, तूच ना आईला घेऊन गेला होतास? आता काय झालं?”

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, “हो. घेऊन गेलो होतो. आता जाणार नाही.” रुचिकाने व्हिडिओ काढायला सुरुवात केली तेव्हा ते गेले.

काल एक पिल्लू उडालं. एकच होतं उरलेलं. ढोलीतून बाहेर आलं, खुंटावर आपटलं, मग कसंतरी बदामावर. आई-बाप दोघं तिथेच होते. आज सकाळी तिघंही दिसले नाहीत.

त्या रविवारचं सांगायचंय. राणे म्हणाला होता, नोटीस फाडल्याची कंप्लेंट करणार, तुला चौकीवर बोलावतील. मला ते बघवलं नसतं. मला वाटलं, फांद्याच तर छाटणार आहेत, आई चार दिवस चिडेल आणि विसरेल. मी चुकलो. सॉरी.

तू कधी येतेस?

सर्वेश

*

हुमरस
२२ जून

सर्वेश,

पत्र वाचलं. शकुनेही वाचलं. चुका खूप आहेत, त्या सोडल्या.

झाडापाशी उभा राहिलास ते चांगलं केलंस. कल्पिता तुझ्या आधी उभी होती, हे लक्षात ठेव.

मेलेल्या पिल्लाचं लपवलं नाहीस तेही बरं. ते उन्हाने मेलं असेल तर कुणी मारलं? राणेने, आणि तू. आणि झाडाखाली कैऱ्या वेचणाऱ्या त्या सगळ्यांनी. तू म्हणशील, आई अजून रागावलीय. हो. माझा राग कमी व्हावा म्हणून तू पत्र लिहिलं असशील तर तो झालेला नाही.

चौकीचं मला तेव्हाच सांगायचंस. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला असताना युनियनच्या मोर्चात दोनदा चौकीवर बसून आलेय, तू तेव्हा पाळण्यात होतास. आईला चौकीवर बघवणार नाही असं तुला वाटलं, आणि फसवणूक चालेल असं वाटलं. हे कुठलं गणित?

मला तुझं सॉरी नको. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे ना? त्यात उभा राहा. राणेने परवानगी एकाची घेतली आणि करायला आला दुसरंच, आईला लांब ने म्हणून तुला सांगितलं, आणि तू नेलंस, हे सगळं मोठ्याने सांग. तुझ्या नावासकट सांग. आणि खोडाला कुणी हात लावणार नाही असं ठरावात लिहून घे. पुढच्या वर्षी ती जोडी आली नाही तरी ते खोड उभं राहायला हवं. त्या सभेला मी नसेन. तू एकटाच बोलायचंस. त्याआधी मला फोन करू नकोस, सभा झाली की कर. घेईन.

मी इथे अजून राहणार. शकुचे टाके भरले, पण तिला वाकून काही उचलू देत नाही. आल्या दिवशी आम्ही भांडलो, दुसऱ्या दिवशीही. आता तिला भांडायला जमायला लागलंय, मला रुक्मिणी म्हणून हाक मारते आणि हसते. सोनूबाईच्या अंगणातलं गवत मी काढून दिलं. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही.

तुझ्या हरेश्वरकाकांचं सांगते. परवा ते नेहमीसारखे निघाले देवळात. मी दारात उभी. म्हणाले, “बाजूक हो, कमिटी बसलेली हा.” मी म्हटलं, कमिटी बसलीय तर बसू दे, आज तुम्ही चुलीपुढे बसा. शकुला पेज करून घाला, मग जा. अर्धा तास दारातच वाद. शकु आतून म्हणाली, “तांदूळ डब्यात आसत, पाणी जास्त घाला.” नवऱ्याला तिने आजवर कधी काही काम सांगितलं नव्हतं. ते पंचाचं टोक खोचून बसले.

पेज लागली. सगळ्या घरात करपट वास. त्यांनी ताट पुढे केलं, शकुने एक घास घेतला आणि ताट परत सरकवलं. “करपली. परत करा.”

ते उठले, टोप घासला आणि परत तांदूळ धुवायला घेतले.

आई